वक्त्यावाचून व्याख्यान : स्लाइडपासून डीव्हीडीपर्यंत

ज्ञान सांगणाऱ्याने शब्दाच्या जोडीला चित्र उभे करावे आणि चित्राने जागविलेले कुतूहल पुन्हा शब्दानेच शमवावे, ही रीत संगणकापेक्षा कितीतरी जुनी आहे. डच शास्त्रज्ञ ख्रिस्तियान हायगेन्स याने 1659 च्या सुमारास काचेवरचे चित्र दिव्याच्या प्रकाशाने भिंतीवर पाडणारा जादूचा कंदील सिद्ध केला; आणि पुढे दोन शतके उलटून गेल्यावर, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात, कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धन यांनी आपल्या घरच्या मंडळींच्या साह्याने त्याच तत्त्वावर ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने रंगीत काचचित्रांचे खेळ करून महाराष्ट्रातील प्रेक्षकांना पडद्यावरच्या चित्रांची गोडी लावली. विसाव्या शतकात काचेची जागा फिल्मने घेतली. 36 मिलिमीटर रुंद आणि 24 मिलिमीटर उंच अशी पारदर्शिका पुठ्ठ्याच्या किंवा प्लास्टिकच्या चौकटीत बसवून ती प्रक्षेपकात सारीत, आणि 1961 साली आलेल्या कोडॅकच्या कॅरोसेल यंत्राने तर अशा 80 पारदर्शिका एकाच गोल तबकात मांडून त्या बटणासरशी एकामागून एक पुढे आणण्याची तजवीज केली. 1987 साली रॉबर्ट गॅस्किन्स व डेनिस ऑस्टिन यांनी फोरथॉट नावाच्या लहानशा अमेरिकी कंपनीत सिद्ध केलेली पॉवरपॉइंट ही आज्ञावली बाजारात आली, त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने ती कंपनी 1 कोटी 40 लाख डॉलरांना खरेदी केली, आणि स्लाइड ही वस्तू हाताने धरण्याजोगी न राहता संगणकातील एक पान होऊन बसली.

या सर्व स्थित्यंतरांत एक गोष्ट मात्र अढळ राहिली, ती ही की चित्राशेजारी माणूस उभा असे. कोणते चित्र किती वेळ ठेवावयाचे, कोठे थांबावयाचे, समोरचा विद्यार्थी गोंधळलेला दिसला तर मागचे चित्र पुन्हा केव्हा आणावयाचे, याचा निर्णय तो माणूस श्रोत्यांच्या चेहऱ्याकडे पाहून तत्क्षणी घेत असे. हीच स्लाइड जेव्हा डीव्हीडीवर जाऊन दूरचित्रवाणी संचाच्या पडद्यावर अवतरते, तेव्हा तो माणूस नाहीसा होतो, आणि त्याने आयत्या वेळी घ्यावयाचे सर्व निर्णय तबकडी तयार करणाराला आगाऊ, एकांतात बसून, कधी न पाहिलेल्या प्रेक्षकाच्या वतीने घ्यावे लागतात. स्लाइडची डीव्हीडी करणे हे वरवर पाहता निव्वळ यांत्रिक रूपांतर वाटते. वस्तुतः ते एक प्रकारचे संपादन आहे, आणि यंत्राचे नियम समजल्यावाचून ते संपादन साधत नाही.

तबकडीवर स्थिरचित्र : पूर्वपीठिका

चालू शतकाच्या पहिल्या दशकात या रूपांतराची निकड मोठी होती. प्रक्षेपक ही महागाची वस्तू होती आणि संगणक सर्वत्र पोहोचला नव्हता. परंतु शाळेच्या एखाद्या वर्गात, महिला मंडळाच्या खोलीत किंवा दवाखान्याच्या प्रतीक्षागृहात दूरचित्रवाणी संच व डीव्हीडी प्लेअर बहुधा असे. तथापि तबकडीवरून पडद्यावर स्थिरचित्रे दाखविण्याची कल्पना त्याहूनही जुनी आहे. 1978 च्या डिसेंबरात अमेरिकेत विक्रीस आलेल्या लेझरडिस्क या सुमारे 30 सेंटिमीटर व्यासाच्या तबकडीचा एक प्रकार असा होता की तिच्या एका बाजूवर 54,000 निरनिराळी चित्रे राहत आणि त्यांतील कोणतेही एक क्रमांक देऊन पडद्यावर स्थिर करता येई. 1992 मध्ये कोडॅकने फोटो सीडी आणली, तिच्यावर सुमारे 100 छायाचित्रे मावत व ती दूरचित्रवाणीवर पाहता येत. 1993 च्या व्हिडिओ सीडीने चलच्चित्र स्वस्त केले, परंतु तिचे चित्र आपल्याकडील पद्धतीत 352 बिंदू रुंद व 288 ओळी उंच एवढेच असल्याने चेहरा ओळखू येई आणि अक्षर मात्र वाचता येत नसे. 1996 च्या नोव्हेंबरात जपानमध्ये प्रथम विकल्या गेलेल्या डीव्हीडीने ही उणीव पुष्कळशी भरून काढली.

सीडी व डीव्हीडी दोन्ही 12 सेंटिमीटर व्यासाच्या, दोन्हींची जाडी 1.2 मिलिमीटर; फरक आहे तो नक्षीच्या सूक्ष्मतेत. सीडी वाचणाऱ्या किरणाची तरंगलांबी 780 नॅनोमीटर, तर डीव्हीडीच्या तांबड्या किरणाची 650 नॅनोमीटर. त्यामुळे सीडीवर जो सर्पिल मार्ग शेजारच्या वळणापासून 1.6 मायक्रोमीटर अंतरावर ठेवावा लागे, तो डीव्हीडीवर 0.74 मायक्रोमीटर इतका निकट आणता आला. हा मार्ग उलगडून सरळ मांडला तर त्याची लांबी सुमारे 12 किलोमीटर भरते, आणि तेवढ्या मार्गावर एका थरात 4.7 अब्ज बाइट एवढा मजकूर मावतो. आपल्या चाळीस-पन्नास स्लाइडच्या सादरीकरणाला ही जागा भरपूर आहे. अडचण जागेची नसून, ती जागा कोणत्या भाषेत भरावयाची याची आहे.

प्लेअरला काय समजते

संगणकातील सादरीकरणाची फाइल जशीच्या तशी डीव्हीडीवर उतरवून ती प्लेअरमध्ये घातली की पडद्यावर काहीही दिसत नाही, आणि अनेकांची पहिली निराशा येथेच होते. पॉवरपॉइंटची फाइल म्हणजे चित्र नव्हे. ती चित्र कसे रेखाटावे याचा मसुदा आहे. अमुक टंकात अमुक ओळ लिहावी, तमुक ठिकाणी आलेख काढावा, अशा सूचनांची ती नोंदवही असते आणि त्या सूचना बरहुकूम अमलात आणण्यास संगणकासारखा समर्थ कारभारी लागतो. प्लेअर मात्र फार थोड्या गोष्टी जाणतो. VIDEO_TS या नावाचे एक दप्तर तबकडीवर असावे, त्यात चित्र-ध्वनीचा ऐवज VOB फाइलींत व त्याची अनुक्रमणी IFO फाइलींत ठेवलेली असावी, आणि ऐवजातील चित्रे एमपेग-2 पद्धतीने संक्षेपिलेली असावीत, याखेरीज त्याला काही मान्य नाही. भारतात प्रचलित असलेल्या पाल पद्धतीत प्रत्येक चित्र 720 बिंदू रुंद व 576 ओळी उंच आणि सेकंदाला 25 चित्रे, हा दंडक आहे. अनेक प्लेअर जेपेग छायाचित्रेही दाखवीत, परंतु त्यांचा क्रम, वेळ आणि सोबतचा आवाज ही मग यंत्राच्या मर्जीवर सोडावी लागत.

म्हणून रूपांतराचे पहिले काम असे की, प्रत्येक स्लाइडचे रेखाटन पुरे करून घेऊन तिचे पक्के चित्र बनवावयाचे. पॉवरपॉइंटच्या 2010 च्या आवृत्तीत सादरीकरणाची सरळ चित्रफीत करण्याची सोय आली. तत्पूर्वी एकेक स्लाइड चित्ररूपाने वेगळी साठवून ती चित्रे क्रमाने ओवावी लागत, किंवा खास त्याच कामासाठी केलेल्या आज्ञावलीच्या हवाली सर्व फाइल करावी लागे. मार्ग कोणताही असो, त्याच्या शेवटी जे चित्र निघते ते दूरचित्रवाणीच्या पडद्याला मानवेल की नाही, हे पाहण्याची जबाबदारी आज्ञावलीवर टाकता येत नाही.

एक स्लाइड जवळून पाहताना

समजा, प्राथमिक आरोग्य केंद्रातील एखाद्या परिचारिकेने जलसंजीवनीविषयी स्लाइड केली आहे : वर मोठ्या अक्षरात मथळा, त्याखाली ‘एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा सपाट चहाचा चमचा मीठ’ अशी कृती, खाली बारीक अक्षरात ‘पाणी उकळून गार केलेले असावे’ ही सूचना, आणि पार्श्वभूमी निळी, अक्षरे तांबडी. संगणकावर 1024 बिंदू रुंद व 768 ओळी उंच अशा पडद्यावर ती सुबक दिसते. आता ती 576 ओळींत बसवावयाची, म्हणजे प्रत्येक चार ओळींच्या तीन करावयाच्या.

एवढ्यानेच भागत नाही. जुन्या काचनळीच्या संचांत चित्राच्या चारी कडा चौकटीआड जात. त्यामुळे दूरचित्रवाणीच्या व्यवसायात असा संकेतच पडला की महत्त्वाची हालचाल चित्राच्या मधल्या नव्वद टक्क्यांत आणि वाचावयाचा मजकूर मधल्या ऐंशी टक्क्यांत ठेवावा. आपल्या स्लाइडवरची उकळलेल्या पाण्याची सूचना तळाच्या कडेला चिकटून लिहिलेली असल्यामुळे ती कित्येक संचांवर दिसणारच नाही. आणि ती दिसली नाही तर संपूर्ण कृतीच धोक्याची ठरते. कडेला मोकळी जागा सोडण्यासाठी सबंध चित्र आणखी दहा टक्के आकसले तर मूळ दोन बिंदू जाडीची रेघ जेमतेम सव्वा ते दीड ओळीची उरते.

येथे देवनागरी लिपीपुढे एक खास अडचण उभी राहते. काचनळीचा संच 576 ओळींचे चित्र एका दमात काढीत नाही. आधी विषम ओळी, मग सम ओळी, अशा दोन फेऱ्यांत, सेकंदाला 50 फेऱ्या करून तो चित्र पुरे करतो. जी आडवी रेघ एकाच ओळीइतकी बारीक आहे ती एका फेरीत उमटते आणि दुसऱ्या फेरीत नसते, म्हणजे सेकंदाला केवळ 25 वेळा प्रकटते, आणि डोळ्याला ती सारखी थरथरताना दिसते. रोमन अक्षरांत लांब आडव्या रेघा थोड्या; देवनागरीत प्रत्येक शब्दाच्या माथ्यावर शिरोरेषा असते. परिणामी इंग्रजी स्लाइड ज्या आकाराच्या अक्षरांत निभावून जाते, त्याच आकाराच्या अक्षरांत मराठी स्लाइड ओळीओळीने लवलवू लागते आणि दोन मिनिटांत पाहणाराचे डोके दुखू लागते. शिवाय वर रफार, अनुस्वार व वेलांट्या आणि खाली उकार व जोडाक्षरांचे पाय यांना जागा हवी असल्यामुळे आपली ओळ उंचीलाही अधिक लागते. यावर उपाय एवढाच की टंक जाड शिरोरेषेचा घ्यावा, अक्षर मोठे करावे, एका स्लाइडवर सहा ओळींपेक्षा अधिक मजकूर ठेवू नये, आणि गरज पडल्यास चित्राला उभ्या दिशेने किंचित मऊपणा द्यावा, म्हणजे प्रत्येक रेघ दोन्ही फेऱ्यांत थोडीथोडी विभागली जाते.

राहिले रंग. डीव्हीडीवर उजेड-अंधाराची नोंद प्रत्येक बिंदूची होते, पण रंगाची नोंद आडव्या व उभ्या दोन्ही दिशांनी निम्म्याच तपशिलाने होते. माणसाच्या डोळ्याला रंगाच्या कडांपेक्षा उजेडाच्या कडा अधिक तीक्ष्ण दिसतात, या अनुभवावर ही काटकसर आधारलेली आहे. निळ्यावर तांबडे अक्षर असले की दोहोंचा उजेड जवळजवळ सारखा आणि फरक तो केवळ रंगाचा. म्हणजे जेथे नोंद अपुरी नेमका तेथेच सारा भार. अशी अक्षरे फुटतात, त्यांचा रंग आजूबाजूला पसरतो. गडद निळ्यावर पिवळसर पांढरे अक्षर ठेवले की हाच मजकूर खोलीच्या दुसऱ्या टोकाहूनही वाचता येतो. आपल्या परिचारिकेची स्लाइड म्हणून एकीच्या दोन कराव्या लागतील : एकीत कृती, दुसरीत उकळलेल्या पाण्याची सूचना, तीही कृतीइतक्याच मोठ्या अक्षरात. पडद्याने घातलेल्या मर्यादेमुळे सूचनेचे महत्त्व प्रथमच तिच्या आकारात उतरले, हा लाभ लहान नव्हे.

वेळेचा हिशेब

स्लाइड ही अवकाशात मांडलेली गोष्ट, तर चित्रफीत काळात मांडलेली. एक स्लाइड 10 सेकंद दाखवावयाची म्हणजे तेच चित्र 250 वेळा सादर करावयाचे. संक्षेप न करता हा ऐवज नोंदला तर सेकंदाला सुमारे दीड कोटी बाइट खर्ची पडतील आणि सबंध तबकडी पाच मिनिटांत भरून जाईल. एमपेग-2 ने यावर दुहेरी तोड काढली आहे. पहिली अशी की चित्राचे आठ बाय आठ बिंदूंचे चौकोन करून प्रत्येक चौकोनातील चढउतार गणिताने वेगळे काढावयाचे आणि डोळ्याला न जाणवणारे बारीक चढउतार स्थूलमानाने नोंदावयाचे. हे गणित बंगळूरुत जन्मलेले आणि पुढे अमेरिकेत अध्यापन केलेले नासिर अहमद यांनी टी. नटराजन व के. आर. राव यांच्यासह 1974 मध्ये प्रसिद्ध केले, आणि आज जगातील बहुतेक छायाचित्रे व चित्रफिती त्याच पायावर साठविल्या जातात. दुसरी तोड अशी की सगळी चित्रे पूर्ण न नोंदता, एक पूर्ण चित्र रुजू करून पुढच्यांचा केवळ फरक टिपावयाचा. स्थिर स्लाइडमध्ये फरक जवळजवळ शून्य असल्यामुळे तिला अत्यल्प जागा लागते. उलट एक स्लाइड झटकन विरघळत दुसरीत जाते, तुकडे होऊन उडते किंवा गिरक्या घेत येते, त्या सेकंदाला प्रत्येक बिंदू बदलतो आणि संक्षेपाचा सारा ताण तेथे येऊन चित्र चौकोनांनी फुटते. म्हणून भपकेदार स्थित्यंतरे टाळून साधा बदल किंवा सावकाश विरघळ ठेवणे हे केवळ अभिरुचीचे नव्हे तर तंत्राचेही मागणे आहे.

मुख्य प्रश्न मात्र वेळ कोणी ठरवावयाची हा होय. व्याख्याता समोर असताना तो ठरवीत असे. चित्रफितीत ती आगाऊ मुक्रर करावी लागते. तयार करणारा आपला मजकूर पाठ असलेला माणूस असतो, म्हणून त्याला तीन सेकंद पुष्कळ वाटतात. वाचन नवे असलेल्या प्रौढ स्त्रीला तीच ओळ लावण्यास दहा सेकंदही अपुरे पडतात. प्रत्येक स्लाइड मोठ्याने, सावकाश, दोनदा वाचावी आणि त्याला जो वेळ लागेल तो तिला द्यावा, हा ढोबळ नियम बहुतेक ठिकाणी उपयोगी पडतो. परंतु डीव्हीडीच्या रचनेत याहून उदार अशी एक तरतूद आहे व तिचा लाभ फार थोडे लोक घेतात : एखादे चित्र दाखवून तेथेच बेमुदत थांबण्याचा हुकूम प्लेअरला देता येतो आणि पाहणाराने रिमोटवरील पुढे जाण्याचे बटण दाबल्यावरच तो पुढच्या चित्राकडे वळतो. अशा तबकडीत वेळेची मुखत्यारी प्रेक्षकाच्या हाती परत जाते. जेथे शिक्षिका संचाशेजारी उभी राहून शिकविणार तेथे थांबणारी तबकडी करावी. जेथे प्रतीक्षागृहात संच एकटाच चालणार तेथे वाहती, आवाजासह, शेवटी पुन्हा आरंभाकडे वळणारी करावी. एकाच तबकडीवर 99 पर्यंत स्वतंत्र शीर्षके ठेवता येत असल्यामुळे दोन्ही प्रकार शेजारीशेजारी ठेवून मेनूमध्ये निवड देणेही सहज शक्य आहे.

वाहत्या तबकडीत निवेदन हाच वक्त्याचा वारस असतो. डीव्हीडीला ध्वनी सेकंदाला 48,000 नमुन्यांच्या दराने हवा असतो, तर सीडीवरून घेतलेला ध्वनी 44,100 नमुन्यांचा असतो. हा फेरफार आधी करून घेतला नाही तर तबकडी बनविणारी आज्ञावली ती फाइल नाकारते. पण तंत्राहून महत्त्वाचे हे की निवेदकाने स्लाइडवरचा मजकूर तसाच वाचून न दाखवता, जे व्याख्यात्याने तोंडी सांगितले असते ते सांगावे : मीठ जास्त का पडू नये, मूल उलटी करीत असेल तर घोटघोट का पाजावे, द्रावण दुसऱ्या दिवसासाठी का ठेवू नये.

तबकडी उतरवणे आणि तपासणे

घरी उतरवल्या जाणाऱ्या तबकडीत चित्रपटाच्या तबकडीसारखे ठशाने उठविलेले खळगे नसतात. तिच्यात सेंद्रिय रंगद्रव्याचा एक पातळ थर असतो व लेखक-किरण त्यावर उष्णतेने डाग पाडतो. चौपट वेगाने पूर्ण तबकडी लिहिण्यास सुमारे 14 मिनिटे लागतात. कमाल वेगाच्या मोहात न पडता मध्यम वेग निवडावा आणि लेखन संपल्यावर तबकडी विधिपूर्वक बंद करावी. बंद न केलेली तबकडी लिहिणाऱ्या यंत्रात चालते आणि दुसऱ्याच्या प्लेअरमध्ये चालत नाही. वर कागदी लेबल चिकटवू नये, त्याने तबकडीचा तोल जातो. नाव लिहावयाचे ते मऊ टोकाच्या पेनाने. तबकडी अमेरिकेतील आप्तांकडे धाडावयाची असेल तर ध्यानात ठेवावे की तेथील एनटीएससी पद्धतीत ओळी 480 आणि चित्रे सेकंदाला सुमारे 30 असतात. आपल्याकडील बहुतेक प्लेअर दोन्ही पद्धती चालवीत, तेथील पुष्कळसे आपली पाल तबकडी नाकारीत. लग्नाच्या किंवा गणेशोत्सवाच्या तबकड्या परदेशी गेल्यावर काळ्या पडद्याखेरीज काही दिसत नसे, याचे कारण बहुधा हेच असे.

तपासणी संगणकावर करून भागत नाही, कारण संगणक ओळी दोन फेऱ्यांत काढीत नाही, कडा कापीत नाही आणि जवळजवळ सर्व काही क्षमा करतो. ज्या जातीच्या संचावर तबकडी लागणार त्याच जातीच्या साध्या संचावर, खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसून, विषय नवा असलेल्या एखाद्या माणसाच्या सोबतीने ती संपूर्ण पाहावी. आणि तो माणूस कोठे पुढे वाकतो, कोठे काही विचारतो याची टिपणे ठेवावीत. त्याने विचारलेला प्रत्येक प्रश्न हा वक्त्याच्या अनुपस्थितीमुळे पडलेला खड्डा असतो, आणि पुढची प्रत काढण्यापूर्वी तो बुजवावयाचा असतो.

मूळ प्रत जपण्याविषयी

तबकडी झाली म्हणजे मूळ फाइल टाकून देण्याची चूक कोणी करू नये. 1986 साली ब्रिटनमध्ये बीबीसीने, 1086 च्या प्रसिद्ध भूमापन-दप्तराच्या नवशताब्दीनिमित्त, देशभरातील शाळांकडून छायाचित्रे, नकाशे व वर्णने मागवून ती लेझरडिस्कच्याच कुळातील दोन मोठ्या तबकड्यांवर साठविली. पंधरा-सोळा वर्षांत त्या तबकड्या वाचणारी यंत्रे इतकी दुर्मीळ झाली की 2002 च्या सुमारास लीड्स व मिशिगन या विद्यापीठांतील संशोधकांना, त्या तबकड्या ज्या संगणकावर चालत त्याचे अनुकरण करणारी आज्ञावली रचून तो ऐवज सोडवावा लागला. नऊ शतकांपूर्वीच्या त्या भूमापन-दप्तराचे चर्मपत्र मात्र तेव्हाही वाचता येत होते. डीव्हीडीचे प्लेअरही आता घराघरांतून नाहीसे होत आहेत, आणि तबकडीवरचे चित्र मूळ स्लाइडच्या मानाने कायमचे संक्षेपलेले असते. त्यावरून मूळ मजकूर पुन्हा उभा करता येत नाही. मूळ सादरीकरण, निवेदनाचा ध्वनी आणि प्रत्येक स्लाइडला किती वेळ दिला याचे टाचण ही तिन्ही एकत्र ठेवली, तर उद्या माध्यम बदलले तरी तेच काम मोबाइलसाठी किंवा आणखी कोठल्या पडद्यासाठी थोड्या श्रमात पुन्हा करता येते. या तिहींत टाचणाचे मोल सर्वांत अधिक मानावे; कारण चित्रे व शब्द कोणालाही नव्याने रचता येतील, परंतु शिकणाराला कोठे किती थांबू द्यावयाचे हे जे तपासणीत उमगले, ते त्या टाचणाशिवाय दुसरीकडे कोठेही लिहिलेले नसते.